मेणातले पंधरा दिवस

३ सप्टेंबर

बाबा,

पत्राच्या वर काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं होतं, पण त्या तासाला मी बहुतेक खिडकीबाहेर बघत होते. त्यामुळे नुसतंच बाबा.

मागच्या रविवारी हॉटेलच्या फोनवरून फोन केला होता तो मीच. तुम्ही "हं" म्हणालात, मी "हं" म्हटलं, मग मागे तुमच्या पॉलिशच्या मशीनची घरघर ऐकत बसले आणि ठेवून दिला. म्हणून पत्र. पत्रात निदान एकाला तरी बोलावंच लागतं.

मी सध्या हंगामापुरतं तळ्याकाठच्या एका हॉटेलात लाँड्रीत काम करतेय. दिवसाला अडीचशे चादरी. दोघींनी चार टोकं धरायची, एक पाऊल मागे, झटका, एक पाऊल पुढे, टोकाला टोक. म्हणजे समोरची बाई दिवसातून अडीचशे वेळा अगदी नाकाजवळ येते आणि परत लांब जाते. माझ्या समोरची बाई पन्नाशीची आहे, सगळे तिला इस्त्रीबाई म्हणतात. तिचा नवरा मालवाहू बोटीवर असतो. वर्षातून दोनदा घरी येतो, आणि आला की तिसऱ्या दिवशी तिला त्याचा वैताग येतो, कारण तो ओला टॉवेल खुर्चीवर टाकतो. गेला की ती तोच टॉवेल तसाच आठवडाभर खुर्चीवर ठेवते. हे मी का सांगतेय? हां. हॉटेल दहा ऑक्टोबरला बंद होतं, थंडीत इथे चिटपाखरू फिरकत नाही. तर म्हटलं थोडे दिवस घरी यावं. आपल्या. माझी खोली रिकामीच असेल ना?

आई मजेत. बाळाला दोन दात आलेत.

तुमची
भिंगरी


११ सप्टेंबर

चि. भिंगरी,

पत्र मिळालं. तुझं अक्षर सुधारलं आहे किंवा माझी नजर आणखी गेली आहे.

खोलीबद्दल. तू आईकडे राहायला गेलीस त्यानंतर मार्चपर्यंत ती तशीच ठेवली होती. मग जागा कमी पडू लागली. सध्या तिथे साडेचारशे जबडे आहेत. कवळी देऊन झाली तरी प्लास्टरचा जबडा टाकून देता येत नाही, माणसं मोडकी कवळी घेऊन पाच वर्षांनीही येतात. पलंगावर वरचे आहेत, टेबलावर आणि कपाटात खालचे. ते हलवायचे तर क्रम बिघडेल.

शिवाय माझी जेवायची वेळ धड नाही. मशीन सकाळी सातला सुरू होतं. घरात बोलायला कुणी नाही. त्यामुळेच तू गेलीस असं मी धरून चाललो आहे, आणि त्यात काही फरक पडलेला नाही.

नाही असं म्हणत नाही. घाईने ठरवू नये इतकंच. तुझ्या आईशीही एकदा बोलावं म्हणतो.

बाळाच्या दातांबद्दल वाचलं. त्यावर विचार करतो आहे.

बाबा


१५ सप्टेंबर

बाबा,

साडेचारशे! म्हणजे मी आले तर खोलीत मी एकटी आणि साडेचारशे तोंडं, आणि एकही बोलणार नाही. ही थट्टा होती. वाचताना तुम्ही हसला नसाल तर पुन्हा एकदा वाचा.

आईशी काही बोलू नका हां. उगाच तिला कशाला ताप? तिच्या मागे बाळ आहे, तिचे 'हे' आहेत, आणि त्यांचं घर म्हणजे हॉलमध्ये सोफा उघडला की दार उघडत नाही. मी सोफ्यावरच झोपायचे. झोपते. म्हणजे तिथे असले की.

परवा काय झालं ऐका. एकवीस नंबरच्या खोलीतल्या चादरी झटकल्या तर टण्णकन वरची कवळी फरशीवर! इस्त्रीबाई किंचाळली. मी उचलली, धुतली, उजेडात धरून बघितली. तुमची नव्हती. तुम्ही पुढच्या दोन दातांपैकी एक केसभर तिरका बसवता, खऱ्यासारखा दिसावा म्हणून. ही सगळी सरळ रांगेत, कवायतीला उभी केल्यासारखी. मी म्हटलं, हे काम बाबांचं नाही. इस्त्रीबाई म्हणाली, "अगो बाई, कवळी बघून बापाचं नाव सांगणारी पहिलीच पोरगी बघितली." मग विचारलं, बाबा कुठे असतात. सांगितलं. मग म्हणाली, "मग तू इथे काय करतेस?" तेवढ्यात ड्रायर वाजला.

जबडे मी हलवते. क्रम लावून. प्लास्टरही कालवते, गुठळ्या न होऊ देता. तुम्ही फक्त 'ये' म्हणा.

मी आईकडे जाते म्हटलं तेव्हा तुम्ही 'बरं' म्हणाला होतात. मान वर न करता. त्या मानाने 'ये' हा तर छोटासाच शब्द आहे.

भिंगरी


२२ सप्टेंबर

चि. भिंगरी,

तू नको म्हणाली होतीस तरी परवा दुपारी तुझ्या आईला फोन केला. सहा वर्षांतला पहिला. कारण दात. गेल्या ऑक्टोबरात तिच्या घरून तू कार्ड पाठवलं होतंस, त्यातही बाळाला दोनच दात होते. वर्षभरात एकही नवा दात न येणारं मूल माझ्या ऐकिवात नाही. दातांच्या बाबतीत मला फसवू नये.

फोन तिने उचलला. मी म्हटलं, बाळाच्या दातांबद्दल विचारायचं होतं. ती हसली. म्हणाली, "बारा झालेत. आत्तापासून त्याची कवळी करताय की काय?" मी म्हटलं, भिंगरीने दोन लिहिलेत. त्यावर ती म्हणाली, "तिला काय माहीत असणार? ती तर तुमच्याकडे आहे ना?"

लाइन चालू होती, कारण मागे बाळ काहीतरी आपटत होतं.

तू तिच्याकडे सात आठवडे राहिलीस. नोव्हेंबरात 'बाबांकडे परत जाते' सांगून निघालीस. ती समजली माझ्याकडे, मी समजलो तिच्याकडे. साडेदहा महिने. मधे तुझी दोन कार्डं आली, त्यांवर समुद्राचं चित्र होतं. तिच्या गावाला समुद्र नाही. सहलीला गेले असतील असं मी धरलं. माणूस काय वाटेल ते धरू शकतो.

तिला रडू आलं. मला आलं नाही. पण त्या दुपारी एका गृहस्थाचे खालचे दात मी वरच्या कवळीत बसवले आणि ती कवळी दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून परत आल्यावर मला कळलं. तीस वर्षांत असं झालेलं नाही.

दोन दिवस विचार करून लिहितो आहे. तू खोटं बोललीस आणि मला ते कळलं नाही, या दोन्हींपैकी जास्त वाईट कुठलं ते ठरत नाही. एकदम 'कायमची ये' असं लिहवत नाही. आपण कवळी आधी मेणात बसवतो तसं करू. पंधरा दिवस राहून बघ. पंधराव्या दिवशी ठरवू.

बाबा


२६ सप्टेंबर

बाबा,

मेणात! म्हणजे नाही जमलं तर वितळवून पुन्हा डब्यात. मी काय तुमच्याकडे आलेलं गिऱ्हाइकाचं काम आहे?

ऐकायचंच असेल तर ऐका. आईच्या घरी मी रोज सकाळी सोफा मिटायच्या आत उठायचे, कारण तिच्या 'ह्यां'ना कामावर जायला दार उघडायचं असायचं. कुणी काही वाईट वागलं नाही. सगळे इतकं जपून वागायचे की पाहुणीसारखं वाटायचं. म्हणून निघाले. खरंच तुमच्याकडेच येत होते. गाडी बदलायची होती तिथे उतरले आणि वाटलं, परत जाऊन सांगायचं काय? तुम्ही पुन्हा 'बरं' म्हणणार. मग दुसऱ्याच गाडीत बसले.

एका नर्सरीत कुंड्या भरल्या. मग बंदरावर बोटीच्या तिकिटांच्या खिडकीत बसले. तिथे एक कुत्रा होता तो रोज साडेनवाच्या बोटीने पलीकडे जायचा आणि पाचच्या बोटीने परत यायचा, तिकीट नाही काही नाही, कुणाचा होता देव जाणे. फेब्रुवारीत आजारी पडले. खोलीतल्या तिघी दिवसा कामावर, मी आठ दिवस छतावरचा डाग बघत. अठरा पूर्ण झाली ती त्याच आठवड्यात.

आणि मी लपले नव्हते हो. पहिला महिनाभर रोज वाटायचं, आज कळेल. आज आई बाबांना फोन करेल, नाहीतर बाबा आईला, आणि दोघांपैकी कुणीतरी भयंकर चिडून येईल. काय काय उत्तरं द्यायची ते ठरवून ठेवलं होतं. डिसेंबरात लक्षात आलं की कुणीच येणार नाही, कारण कुणी कुणाला विचारणारच नाही.

मी येत नाही. इस्त्रीबाईच्या बहिणीची इथे खोली रिकामी आहे. थंडीभर तिथे राहीन. जबड्यांचा क्रम सांभाळा.

भिंगरी


१ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

पत्र चार वेळा वाचलं. बाकीच्यावर लिहिणं मला जमत नाही, म्हणून जे येतं तेवढ्यावर लिहितो.

मेणाबद्दल तुझा गैरसमज झाला आहे. चूक माझी. तू लहानपणापासून माझ्या टेबलाखाली बसलीस म्हणून मला वाटलं तुला ठाऊक असेल.

दात मेणात बसवून आपण दवाखान्यात पाठवतो. माणूस ते तोंडात घालून बघतो, सांगतो, इथे उंच लागतं, इथे ओठ फुगतो. त्याने सांगायचं आणि आपण बदलायचं. बदल कवळीत करतात, भिंगरी. तोंडात नाही. तोंड जसं आहे तसंच असतं आणि शेवटचा शब्द त्याचा असतो. मेण एवढ्यासाठीच, की एकदा घट्ट झालं की बदलता येत नाही.

पंधरा दिवस तुला पारखायचे नव्हते. या घराला, म्हणजे मला, पारखायचे होते. या घरातून एक माणूस सहा वर्षांपूर्वी गेलं. दुसरं गेल्या वर्षी गेलं. तुझ्या पावलांचा जिना उतरतानाचा आवाज मला पुन्हा ऐकवणार नाही. म्हणून आधी मेणात म्हणालो. पहिल्या पत्रात जबड्यांच्या क्रमाचं लिहिलं ते खोटं होतं. क्रम वगैरे काही नाही, सगळ्यांवर नंबर घातलेले असतात.

जबडे आता जिन्यात ठेवले आहेत. चढताना जपून चढावं लागतं. पलंग मोकळा आहे.

बहिणीकडची खोली चांगली असेल तर तिथेच राहा. पत्ता कळव.

बाबा


९ ऑक्टोबर

बाबा,

इस्त्रीबाईला बहीण नाही.

उद्या सकाळच्या बसने येतेय. साडेतीनला पोचेन. न्यायला येऊ नका, बॅग हलकी आहे.

भिंगरी


२० ऑक्टोबर
(स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बरणीखाली)

बाबा,

हसू येतंय. दोनशे मैलांवरून लिहीत होते ते समजण्यासारखं होतं. आता तुम्ही खाली, मी वर, मधे चौदा पायऱ्या आणि साडेचारशे जबडे, तरी लिहावंच लागतंय. आज दहावा दिवस. आपण एकमेकांशी बोललेलं सगळं एका पोस्टकार्डावर मावेल. 'पाणी तापलंय.' 'मीठ कुठेय?' 'पाऊस येईल असं दिसतं.' बाकी मशीन बोलतं.

तुम्ही म्हणालात मेणात असताना कुठे टोचतं ते माणसाने सांगायचं असतं. सांगते.

दहा तारखेला बसमधून आम्ही चौघं उतरलो. तिघांना न्यायला कुणीतरी आलं होतं. एका म्हाताऱ्याला तर पाच जण, एवढ्याशा पिशवीसाठी भांडत होते. येऊ नका मीच लिहिलं होतं, मान्य. तरी मी स्टँडवर दहा मिनिटं थांबले. मग एकटीच आले. तुम्ही दार उघडलंत तेव्हा नुसते धापा टाकत होतात. मला वाटलं तब्येत बिघडलीय, विचारलं, तर म्हणालात, "नाही नाही. ये."

मग शनिवार. शनिवारी सकाळी मी काही न सांगता गेले आणि रविवारी दुपारी आले. मुद्दाम. बघायचं होतं. तुम्ही चिडाल, कुठे उलथली होतीस म्हणाल, काहीतरी. मी बूट न काढता दारातच उभी राहिले. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "चहा आहे." बाबा, 'चहा आहे'!

हे टोचतं. मी असले काय, नसले काय, तुम्हाला काही विचारावंसंच वाटत नाही. तळ्याकाठी एकटीला एकटं वाटायचं त्याचं काही नाही. इथे जिन्याखालून तुमचा खोकला ऐकू येतो आणि तरी वाटतं.

पंचवीसला पंधरा दिवस होतात. मी बॅग भरलेली नाही. पण सगळी रिकामीही केलेली नाही.

भिंगरी


२३ ऑक्टोबर
(जिन्यात, पाचव्या पायरीवर)

भिंगरी,

चिठ्ठी वाचून तीन दिवस झाले. रोज सकाळी तू जिन्यात थांबतेस ते मला खाली ऐकू येतं. मीही मशीन बंद करून थांबतो. मग तू खाली येतेस आणि मी म्हणतो, पाणी तापलंय.

तुझी आई गेली त्या दिवशी तू शाळेत होतीस, त्यामुळे हे तुला माहीत नाही. जाताना तिने मला सांगितलं, "या घरात श्वास घेतला तरी जाब द्यावा लागतो." कुठे चाललीस, कोणाबरोबर, कधी येणार, इतका वेळ का लागला. मी हे रोज विचारायचो. मला वाटायचं काळजी म्हणजे हेच. तिने दार ओढून घेतलं तेव्हाही माझ्या तोंडून आलं ते हेच की परत कधी येणार. ती हसली. तसं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी ठरवलं, पोरीला काही विचारायचं नाही. विचारून विचारून एक माणूस घालवलं, दुसरं घालवायचं नाही. सहा वर्षं पाळलं. तू आईकडे जाते म्हणालीस तेव्हा दातांमागे प्रश्नांची नुसती गर्दी झाली होती. ती गिळली आणि 'बरं' म्हणालो. न विचारूनही माणूस जातं, हे मला माहीत नव्हतं.

शनिवारी दोनदा स्टँडवर जाऊन आलो. रविवारी सकाळी पोलीस चौकीच्या दारापर्यंत गेलो आणि तिथे ते विचारणार, ती कुठे जाते, कोणाकडे जाते, आणि मला एकाचंही उत्तर येणार नाही, म्हणून परत आलो. मग तू दारात उभी. चहा खरंच केलेला होता. सकाळपासून चौथ्यांदा.

दहा तारखेला मी स्टँडसमोरच्या औषधाच्या दुकानात उभा होतो. तू येऊ नका लिहिलं होतंस. तू थांबलीस तेवढा वेळ मीही थांबलो. तू निघाल्यावर मागच्या गल्लीने पळत घरी आलो. माझं वय एकोणसाठ आहे, म्हणून धाप.

विचारायची सवय मोडली आहे. प्रयत्न करतो.

बाबा


२५ ऑक्टोबर
(तुझ्या दाराखालून)

भिंगरी,

शनिवारी कुठे झोपलीस? पांघरूण पुरलं का? आजारी पडलीस तेव्हा औषध कोणी आणून दिलं? का कुणीच नाही? ताप किती होता? छतावरचा डाग कसला होता? नर्सरीत कुठली झाडं होती? त्या कुत्र्याचं पुढे काय झालं? कोणी त्रास दिला का? दिला असेल तर मला सांगशील का? अठराव्या वाढदिवसाला कोणी काही म्हणालं का? आईवर रागावली आहेस का? माझ्यावर? गाडी बदलायला उतरलीस तेव्हा थंडी होती, तुझ्याकडे कोट होता का? तुझ्या एका कार्डाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहून खोडलं होतंस, ते काय होतं? तुला इथे काय आवडत नाही? राहशील का?

हे जाब म्हणून वाचू नकोस. नको त्यांची उत्तरं देऊ नकोस.

बाबा


(त्याच कागदाच्या मागे)

बाबा,

शाळेतल्या त्या जाड मैत्रिणीकडे, ती आता बारीक झालीय, ओळखू येत नाही. पांघरूण पुरलं. औषध तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या पोस्टमननी आणलं, तोवर कुणी नाही. ताप मोजला नाही. डाग गळतीचा, आधी बदकासारखा होता, मग पसरत पसरत मांडी घालून बसलेल्या माणसासारखा झाला, त्याच्याशी मी बोलायचे. झाडं नुसती हिरवी, नावं मला कोण सांगतंय? कुत्रा एक दिवस साडेनवाच्या बोटीने गेला आणि पाचच्या बोटीला आला नाही. पलीकडे त्याला कुणीतरी ठेवून घेतला असेल असं मी धरलं. हे धरायचं मी तुमच्याकडूनच घेतलंय बहुतेक.

त्रास एकाने दिला. सांगेन, पण असं कागदावर नाही. तुम्ही समोर असाल तेव्हा, आणि मशीन बंद असेल तेव्हा.

वाढदिवसाला कुणी काही म्हणालं नाही, कारण मी कुणाला सांगितलंच नव्हतं. आईवर थोडी. तुमच्यावर खूप. परवापासून जरा कमी. कोट होता, तुमचाच, तुम्हाला अजून कळलं नाही का तो कपाटात नाही ते? कार्डावर 'मला न्या' लिहिलं होतं. मग खोडलं. इथे मला पाणी तापलंय हे वाक्य आवडत नाही.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आज येत नाहीये. तो उद्या परत विचारा, तोंडाने.

भिंगरी